रक्ताला परके प्लास्टिक आणि रोजची एक गोळी

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न थोड्याफार फरकाने पुन:पुन्हा विचारला जातो. ‘हृदयाची झडप बदलून दहा वर्षे झाली. आता दम लागत नाही, पायांवर सूज नाही. मग रक्त पातळ होण्याची गोळी आणखी किती दिवस घ्यावयाची?’ कधी हाच प्रश्न स्टेंट बसविलेल्या वडिलांविषयी त्यांचा मुलगा विचारतो, तर कधी डायलिसिसवर असलेल्या सासूबाईंची सून विचारते की, ‘यंत्राला जोडताना दर वेळी हेपॅरिन कशासाठी देतात?’ प्रश्न वेगवेगळे दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. मानवाने बनविलेला कोणताही पदार्थ रक्ताच्या प्रवाहात ठेवला की रक्त त्याला परका समजते. परक्याशी वागण्याची रक्ताची रीत ठरलेली आहे. ते त्याच्याभोवती गोठू लागते. रक्ताला परके न वाटेल असे प्लास्टिक शोधण्याचा प्रयत्न गेली साठ-सत्तर वर्षे जगभर चालू आहे. तो कोठवर आला आहे आणि तो अपुरा असल्यामुळे आपल्या घरात कोणती दक्षता घ्यावी लागते, याचा विचार या अंकात करू.

प्रथम आपल्या आसपास पाहा. उलट्या-जुलाबांनी थकलेल्या आजोबांना सलाईन लावतात, तेव्हा सुई टोचल्यानंतर धातूची टोकदार सुई बाहेर काढली जाते आणि शिरेत राहते ती प्लास्टिकची बारीक नळी. रक्त चढवितात ते प्लास्टिकच्या पिशवीतून. डायलिसिसच्या यंत्रात रक्त मीटरभर लांबीच्या नळ्यांतून आणि केसासारख्या हजारो पोकळ तंतूंतून फिरते. स्टेंट धातूचा असला, तरी त्यावरील औषध बहुधा बहुवारिकाच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच कुळातील पदार्थाच्या, पातळ थरात बसविलेले असते. कृत्रिम झडपेची चकती आणि ती शिवण्याची कडा यांतही हेच कूळ आढळते. तिशी-चाळिशीत संधिवाताच्या तापाने झडप निकामी झालेले आणि पुढे शस्त्रक्रियेने वाचलेले कितीतरी लोक मराठवाड्यात आज साठीच्या पुढे आहेत. तेव्हा हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही.

रक्त शिरेत का गोठत नाही?

भाजी चिरताना बोट कापले तर काही मिनिटांत रक्त थांबते. तेच रक्त शरीरातील रक्तवाहिन्यांतून आयुष्यभर वाहते, तरी गोठत नाही. याचे श्रेय रक्तवाहिनीच्या आतील अस्तराकडे जाते. हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. पण ते नुसते गुळगुळीत आवरण नव्हे. त्यातील जिवंत पेशी अहोरात्र नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही द्रव्ये स्रवतात आणि प्लेटलेट्सना चिकटू देत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर हेपॅरिनसदृश साखळ्या असतात. त्या गोठण्याची क्रिया जागच्या जागी थोपवितात. चुकून बारीकशी गुठळी झालीच, तर ती विरघळविणारे द्रव्यही याच पेशी निर्माण करतात.

प्लास्टिकपाशी यातले काहीच नाही. रक्ताचा त्याला स्पर्श होताच काही सेकंदांत रक्तातील प्रथिने त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. त्यांत फायब्रिनोजेन हे प्रथिन महत्त्वाचे. पृष्ठभागाला चिकटताना त्याचा आकार किंचित पालटतो आणि प्लेटलेट्सना तो पालटलेला आकार जखमेच्या खुणेसारखा भासतो. त्या तेथे चिकटतात, पसरतात आणि इतर प्लेटलेट्सना बोलावून घेतात. दुसरीकडे रक्तातील गोठविणारे घटक एकापाठोपाठ एक जागे होतात आणि फायब्रिनचे जाळे विणले जाते. त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकल्या की गुठळी तयार होते. रक्त वेगाने वाहत असेल तर ही क्रिया मंदावते. जेथे प्रवाह संथ होतो किंवा कोपऱ्यात रक्त घुटमळते, तेथे ती बळावते. म्हणूनच पदार्थ निवडण्याइतकेच महत्त्व त्या उपकरणाच्या आकारालाही असते.

नळीपासून स्वतःच्या शिरेकडे

या क्षेत्राचा इतिहास डायलिसिसच्या रुग्णांना जवळचा वाटेल. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरांनी पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड चालविले. त्यांच्यापाशी आजच्यासारखे साहित्य नव्हते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन वापरले. १९१६ साली अमेरिकेत, जे मॅकलीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून हेपॅरिनच्या शोधाला आरंभ झाला होता. ते हाताशी नसते, तर कोल्फ यांचे यंत्र मिनिटांत बंद पडले असते.

तरीही एक अडचण उरली. दर डायलिसिसला नवी धमनी आणि नवी शीर उघडावी लागे; थोड्याच दिवसांत जागा संपत. १९६० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी यावर उपाय योजला. टेफ्लॉन हे प्लास्टिक तेव्हा नवे होते. आज आपण ज्या तव्याला डोसा चिकटत नाही म्हणतो, त्याच तव्यावरील थराचे हे द्रव्य. त्याच्या नळ्या हाताच्या धमनीत आणि शिरेत कायमच्या बसवून, डायलिसिस नसताना त्या बाहेरून एकमेकींना जोडून ठेवावयाच्या, अशी ती योजना होती. रक्त सतत वाहते राहिल्याने ते लवकर गोठत नसे. मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या माणसाला वर्षानुवर्षे जगविता येते, हे जगाने प्रथम तेव्हा पाहिले. स्क्रिब्नर यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षे जगला.

पण टेफ्लॉनही रक्ताला पूर्णपणे आपलेसे वाटले नाही. नळ्या बुजत आणि त्यांच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होई. १९६६ साली न्यूयॉर्कमधील ब्रेसिया आणि सिमिनो यांच्या गटाने मार्गच बदलला. त्यांनी मनगटापाशी धमनी शिरेला जोडली. धमनीच्या जोराने शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि तिच्यात पुन:पुन्हा सुया टोचता येतात. यालाच आपण फिस्चुला म्हणतो. आजही मूत्रपिंडविकारतज्ज्ञ शक्य तेथे मानेतील प्लास्टिकच्या कॅथेटरपेक्षा फिस्चुलाचा आग्रह धरतात. आपल्या रुग्णाला ‘आधी हाताचे छोटे ऑपरेशन करून घ्या’ असे सांगितले गेले, तर ते लांबणीवर टाकू नका. स्वतःच्या शिरेला जिवंत अस्तर असते. तसे कॅथेटरला नसते.

संशोधकांनी काय काय करून पाहिले

प्लास्टिकला रक्तानुकूल करण्याचे मार्ग ढोबळमानाने चार आहेत. पहिला मार्ग पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत किंवा पाण्याशी सलगी करणारा करण्याचा. पाण्याने भरलेल्या मऊ थरावर प्रथिने सहज ठाण मांडीत नाहीत. दुसरा मार्ग पृष्ठभागावर हेपॅरिनच बांधून टाकण्याचा. १९६३ साली व्हिन्सेंट गॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रयोग प्रसिद्ध केला आणि आज हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या काही नळ्यांवर हेपॅरिनचा लेप असतो. तिसरा मार्ग नक्कल करण्याचा. तांबड्या पेशीच्या बाह्य आवरणात फॉस्फोरिलकोलीन नावाचा घटक असतो. तोच प्लास्टिकच्या पृष्ठभागावर बसविला तर रक्ताला ओळखीचा चेहरा दिसतो. जपानी संशोधकांनी या दिशेने मोठे काम केले आहे. चौथा मार्ग याच्या अगदी उलट आहे. मोठ्या धमनीच्या जागी बसविण्याच्या पॉलिएस्टरच्या विणलेल्या नळीत सुरुवातीला पातळ गुठळी होऊ द्यावयाची, म्हणजे तिच्यावर शरीर स्वतःचे आवरण धरते. रुंद धमनीत हे चालते. बारीक धमनीत मात्र तेवढ्या गुठळीनेच वाट बंद होते.

यांतील प्रत्येक मार्गाने काही अंतर काटले आहे; मुक्कामाला कोणताच पोहोचलेला नाही. एक अलीकडचे उदाहरण देतो. दुधाच्या आंबण्याशी नाते असलेल्या लॅक्टिक आम्लापासून बनविलेल्या प्लास्टिकचा, काही वर्षांत शरीरातच विरघळून जाणारा स्टेंट मोठ्या अपेक्षेने बाजारात आला. ‘ॲब्सॉर्ब’ हे त्याचे नाव. कल्पना सुंदर होती. काम झाले की पाहुणा निघून जाणार. परंतु त्यात गुठळ्यांचे प्रमाण नेहमीच्या औषधी स्टेंटपेक्षा अधिक आढळले आणि २०१७ साली त्याची विक्री थांबविण्यात आली.

तिरुअनंतपुरमची झडप

आपल्या देशातील कामगिरी या बाबतीत अभिमानास्पद आहे आणि तिचा लाभ आपल्या जिल्ह्यातील माणसांपर्यंतही पोहोचू शकतो, म्हणून ती सविस्तर सांगतो. केरळातील तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनल संस्थेत शल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांनी भारतीय बनावटीची कृत्रिम झडप तयार करण्याचा ध्यास घेतला. परदेशी झडप सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती आणि रुग्ण तर बहुतांशी त्याच वर्गातील तरुण होते. झडपेपुढील आव्हान लक्षात घ्या. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. म्हणजे झडपेची चकती वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते आणि मिटते. एवढे करून ती झिजता कामा नये, तुटता कामा नये आणि तिच्यावर गुठळी बसता कामा नये.

त्यांचे पहिले तीन नमुने अपयशी ठरले. चौथ्या नमुन्यात चौकट क्रोमियम-कोबाल्ट मिश्रधातूची आणि चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची घेतली. बाजारातील पिशवीचे पॉलिएथिलीन आणि हे पॉलिएथिलीन एकाच घराण्यातले. मात्र याच्या रेणूंच्या साखळ्या कितीतरी पट लांब असल्यामुळे ते विलक्षण चिवट असते. हृदयाला शिवण्याची कडा पॉलिएस्टरच्या विणीची. आपल्या पिढीने टेरिलीनचे सदरे वापरले आहेत. त्याच जातीचा हा धागा. मेंढ्यांवरील चाचण्या पार पडल्यावर ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. पुढे टीटीके उद्योगसमूहाने तिचे उत्पादन केले आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसविल्या गेल्या आहेत. डॉ. वलियाथन यांचे २०२४ च्या जुलै महिन्यात निधन झाले.

याच संस्थेने रक्तपेढ्यांसाठी प्लास्टिकच्या पिशवीचे तंत्रही विकसित केले आणि ते उद्योगाकडे सोपविले. त्यापूर्वीच्या काचेच्या बाटल्या फुटत आणि त्यांतून रक्ताचे घटक वेगळे करणे अवघड जाई. पिशवी मऊ राहावी म्हणून तिच्या प्लास्टिकात एक तेलकट द्रव्य मिसळतात. ते अल्प प्रमाणात रक्तात उतरते, हा त्याचा दोष. पण तेच द्रव्य साठविलेल्या तांबड्या पेशींना फुटण्यापासून वाचविते, हा त्याचा गुण. निर्दोष पदार्थ या क्षेत्रात सापडणे कठीण. वैद्याला गुणदोषांचा हिशेब मांडूनच निवड करावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढ्या कष्टाने घडविलेल्या चित्रा झडपेलाही गोळी आयुष्यभर लागते. ही उणीव एकट्या तिचीच नव्हे. जगातील प्रत्येक यांत्रिक झडपेला हे लागू आहे. प्लास्टिक आणि धातू जे काम पूर्णपणे करू शकत नाहीत, ते काम ही गोळी रोज करीत असते.

गोळी सुटली तर

परतूर तालुक्यातील साठी ओलांडलेल्या एका आजींची हकीकत सांगतो. झडप बदलून बारा वर्षे झाली होती. दाढ काढावयाची म्हणून त्यांना तीन दिवस गोळी थांबविण्यास सांगण्यात आले. पुन्हा केव्हा सुरू करावयाची, हे कोणी सांगितले नाही आणि घरच्यांनी विचारले नाही. गोळीवाचून बरे वाटते, म्हणून आजी निश्चिंत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांच्या हातून चहाची कपबशी निसटली आणि तोंडातून शब्द फुटेना. झडपेवर झालेल्या गुठळीचा कण मेंदूत गेला होता. मुलाने वेळ न दवडता छत्रपती संभाजीनगरला नेले म्हणून जीव वाचला. वाचा मात्र अर्धीच परतली. नातवंडांची नावे त्या आजही चाचरत घेतात.

गोळी सुटल्याने ‘काहीच होत नाही’, हाच तिचा सर्वांत मोठा धोका आहे. मधुमेहाची गोळी चुकली तर साखर वाढल्याचे कळते. ही गोळी चुकल्याचे पहिले लक्षण कित्येकदा अर्धांगवायू हेच असते.

घरी काय सांभाळावे

‘रक्त पातळ करणे’ हा शब्दप्रयोग रूढ असला, तरी रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. ते गोठण्यास अधिक वेळ लागतो, इतकेच. या गोळ्या दोन प्रकारच्या असतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सवर काम करतात. स्टेंटच्या रुग्णांना त्या देतात. ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन यकृतात तयार होणाऱ्या गोठविणाऱ्या घटकांना आवर घालतात. यांत्रिक झडपेसाठी त्याच लागतात. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. बाजारात आलेल्या काही नव्या गोळ्यांना रक्ततपासणी लागत नाही, हे खरे. पण यांत्रिक झडपेत त्या वापरावयाच्या नसतात. डॅबिगॅट्रान या औषधाची तशी चाचणी गुठळ्या व रक्तस्राव वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. शेजाऱ्यांची गोळी पाहून आपली बदलून मागू नका.

ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर ही तपासणी, सर्व स्थिर असतानाही, साधारणतः महिन्यातून एकदा करावी. झडपेची जागा आणि प्रकार यांनुसार ती २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ या मर्यादेत ठेवतात. आपल्यासाठीची मर्यादा डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्यावी. तारीख, आकडा आणि गोळीचे प्रमाण अशी तीन रकान्यांची वही पुरते. गोळी रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी, घ्यावी.

पालक, मेथी, शेपू, चाकवत यांत के जीवनसत्त्व असते आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करते. म्हणून पालेभाज्या वर्ज्य करू नका. दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खा. श्रावणात रोज भाजी आणि एरवी महिनाभर नाही, असे चढउतार टाळा. उपवास धरावयाचा असेल तर आधी विचारा. उपवासालाही गोळी पाण्याबरोबर घ्यावयाचीच असते.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ताप-अंगदुखीला थोडे दिवस पॅरासिटामॉल चालते. प्रतिजैविक सुरू झाले तर आयएनआर लवकर तपासा. काढे आणि भुकट्या डॉक्टरांना सांगितल्यावाचून नकोत. आणि आपल्या भागातील आवडता उपचार, म्हणजे कमरेत घेतलेली सुई, या रुग्णांनी टाळावी. स्नायूत रक्त साचून मोठी गाठ होते.

दात काढणे, मोतीबिंदू किंवा इतर शस्त्रक्रिया यांपूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. दात काढण्यासाठी पुष्कळदा गोळी थांबविण्याची गरजच नसते. थांबवावी लागलीच, तर पुन्हा सुरू करण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. स्टेंटनंतरच्या दोन गोळ्या बहुधा सहा महिने ते वर्षभर चालतात आणि पुढे एक कायम राहते. नेमका अवधी हृदयरोगतज्ज्ञच ठरवितात.

फिस्चुला असलेल्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, त्यातून रक्त काढू देऊ नका, घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालू नका आणि तो हात उशाला घेऊन झोपू नका. रोज सकाळी त्यावर बोटे ठेवून थरथर जाणवते ना, ते पाहा. ती थांबली असेल तर त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, केंद्रात पोहोचा. शीर वाचण्याची शक्यता उशिराने घटत जाते. चैत्र-वैशाखातील आपल्याकडील उन्हात जुलाब किंवा उलट्या होऊन रक्तदाब उतरला, तरी फिस्चुला बंद पडू शकतो. अशा वेळी स्वतःच्या मनाने भरमसाठ पाणी न पिता डॉक्टरांना गाठा. जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी विनामूल्य डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहे. त्याची चौकशी जरूर करा.

त्वरित हालचाल केव्हा करावी

तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही दिसताच १०८ ला फोन करा. अर्धांगवायूत गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर. गावाहून जालना आणखी वेगळे. ‘थोडे थांबून पाहू’ म्हणण्याइतका वेळ हाती नसतो. रुग्ण गोठणरोधक गोळीवर आहे, हे तेथील डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा आणि वही सोबत न्या. काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा यांसाठीही त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पडून डोक्याला मार लागला असेल, तर माणूस चांगला बोलत असला तरी डोक्याचे सीटी स्कॅन करून घ्यावे.

यांत्रिक झडपेच्या रुग्णाजवळ रात्रीच्या शांततेत बसलात, तर घड्याळासारखी टकटक ऐकू येते. तो आवाज घरच्यांनी ओळखीचा करून घ्यावा. तो मंद झाला, बोथट झाला किंवा येईनासा झाला आणि त्याबरोबर दम लागू लागला, तर झडपेवर गुठळी असू शकते. त्याच दिवशी हृदयाची इको तपासणी व्हावयास हवी.

गुठळीचे भय न उरलेले प्लास्टिक एक दिवस तयार होईल, अशी आशा बाळगण्यास पुष्कळ आधार आहे. तोवर या महिन्याची आयएनआर तपासणी झाली आहे का, हे आजच वहीत पाहा. नसेल तर उद्या सकाळी करून घ्या.